सातवी आज्ञा, आठवी आज्ञा आणि ग्राहक

एखादी गोष्ट चव्हाट्यावर आणणे, हा वाक्प्रचार मराठीत बहुधा नापसंतीनेच वापरला जातो. भावकीतला वाद किंवा वडिलार्जित जमिनीचा तंटा चव्हाट्यावर गेला, की शहाणी माणसे हळहळतात. परंतु फसवल्या गेलेल्या गिऱ्हाइकाने दुकानदाराचे नाव चव्हाट्यावर मांडले, तर त्याच माणसांना त्यात शौर्य दिसते. वृत्तपत्रातील वाचकांच्या पत्रांतून, इमारतीवरील फलकातून आणि आता खिशातल्या मोबाइलवरून असे नाव घेणे फार सोपे झाले आहे. ते केव्हा न्याय्य ठरते आणि केव्हा नाही, याचा विचार आम्ही येथे करू इच्छितो.

आम्हां धर्मगुरूंकडे हा प्रश्न विनंतीच्या रूपाने येतो. शीव कोळीवाड्यासारख्या वस्तीत मूळचे कोळी, फाळणीनंतर आलेली पंजाबी व सिंधी कुटुंबे आणि दक्षिणेकडून आलेले लोक एकमेकांना खेटून राहतात. दुकानदार आणि गिऱ्हाईक पुष्कळदा एकाच गल्लीतले असतात. कुणाचा नवा फ्रिज महिन्याभरात बंद पडतो. कुणाला पुनर्विकासाच्या काळातले घरभाडे बिल्डरकडून मिळेनासे होते. कुणाच्या लग्नाच्या हॉलची अनामत अडकून पडते. मग सुचवले जाते, ‘फादर, रविवारच्या मिस्सात दोन शब्द बोला,’ किंवा ‘चर्चच्या लेटरहेडवर एक पत्र द्या, म्हणजे तो सरळ येईल.’

अशा वेळी ‘पैशाचे काय एवढे, सोडून द्या’ असा उपदेश करणे आम्हांस योग्य वाटत नाही. माप लहान करून आणि तराजू खोटा ठेवून गरिबांना लुबाडणाऱ्या व्यापाऱ्यांवर आमोस संदेष्ट्याने कठोर शब्दांचा आसूड ओढला आहे. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात आपल्या महाग्रंथात खरेदीविक्रीतील फसवणुकीचा स्वतंत्र विचार केला. मालातील जो लपलेला दोष गिऱ्हाइकाला अपाय किंवा नुकसान करील, तो विक्रेत्याने सांगितलाच पाहिजे, असे त्यांचे मत आहे. लबाडीचा व्यापार म्हणजे सातव्या आज्ञेचा भंग होय. त्याविरुद्ध दाद मागणारा माणूस लोभी ठरत नाही.

मात्र दुकानदाराने सातवी आज्ञा मोडली, म्हणून गिऱ्हाइकास आठवी मोडण्याची मोकळीक मिळत नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेली ख्रिस्तसभेची धर्मशिकवण या आज्ञेखाली माणसाच्या नावलौकिकाविरुद्धची तीन पापे सांगते. पुरेशा आधारावाचून दोषी ठरवणे हे एक, आणि खोटा आळ घेणे हे दुसरे. तिसरे आपण सहसा पाप मानीत नाही: योग्य कारण नसताना दुसऱ्याचा खरा दोष, तो ज्यांना ठाऊक नाही अशांना सांगणे. ‘खरे तेच बोललो, मग बिघडले काय?’ हे उत्तर त्यामुळे अपुरे पडते. ते का आणि कुणाच्या हितासाठी सांगितले, हेही पाहावे लागते.

मत्तयच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात प्रभू येशूने पायऱ्या घालून दिल्या आहेत. अपराध करणाऱ्या बंधूकडे आधी एकट्याने जावे; त्याने न ऐकल्यास एकदोघा साक्षीदारांना बरोबर न्यावे; तरीही न ऐकल्यास मंडळीला सांगावे. चव्हाटा येतो, पण शेवटी. संत थॉमस याला एक महत्त्वाची पुरवणी जोडतात. गुप्त अपराधामुळे इतरांना अपाय होणार असेल आणि खाजगी कानउघाडणीने तो टळेल अशी खात्री नसेल, तर तो तत्काळ उघड करावा. भेसळीचे दूध विकणाऱ्याला एकांतात गाठण्याची वाट पाहू नये, कारण उद्या सकाळी तेच दूध दुसऱ्या घरातले मूल पिणार असते. नादुरुस्त फ्रिजची गोष्ट निराळी. तेथे पहिल्या पायरीला वेळ आहे.

कसे बोलावे, याचा धडा अलीकडेच मुंबईतील एका खटल्याने घालून दिला. पश्चिम उपनगरातील एका इमारतीच्या रहिवाशांनी २०१५ साली बिल्डरविरुद्ध फलक लावला. सोसायटी स्थापन केली नाही, हिशेब दिले नाहीत, गळती आणि लिफ्टच्या तक्रारींकडे लक्ष दिले नाही, अशी गाऱ्हाणी त्यावर होती. बिल्डरने फौजदारी बदनामीची तक्रार केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १७ एप्रिल २०२५ रोजी न्यायालयाने रहिवाशांविरुद्धची ती कारवाई रद्द केली. विक्रेत्याला आपल्या मालाची जाहिरात करण्याचा जसा हक्क आहे, तसा ग्राहकालाही शांततेने निषेध नोंदवण्याचा हक्क आहे, असे न्यायालयाने मानले. फलकावरील भाषा संयमाची होती, ‘फसवणूक’ किंवा ‘अफरातफर’ यांसारखा शब्द त्यावर नव्हता, याचीही न्यायालयाने दखल घेतली. रहिवाशांनी घडले तेवढेच लिहिले. बिल्डरच्या अंतःकरणाचा निवाडा केला नाही. आठव्या आज्ञेची मागणीही याहून वेगळी नाही.

तथापि, सत्य आणि संयम यांपलीकडे आणखी एक प्रश्न उरतो, आणि आमच्या मते तोच मुख्य आहे. चव्हाट्यावरचा आवाज सर्वांना सारखा मिळालेला नाही. वार्ताहर, पुढारी, नामवंत नट आणि धर्मगुरू यांचा आवाज दूर जातो. अशा माणसाने ओरड केली, की कंपनी त्याला दुसऱ्याच दिवशी नवी वस्तू पाठवते. शेजारच्या विधवेची तीच तक्रार मात्र तशीच पडून राहते. अन्याय दूर झालेला नसतो. मोठ्या आवाजाचा माणूस फक्त रांगेत पुढे गेलेला असतो. त्यातही ‘पैसे द्या, नाहीतर नाव छापतो’ असे म्हणून कुणी आपले पैसे वसूल केले आणि मग गप्प बसला, तर त्याने आपले मौन विकले असे म्हणावे लागेल. लोकांनी विश्वासाने ऐकले म्हणून तो आवाज मोठा झाला होता. लोकांची ती ठेव त्याने स्वतःसाठी खर्च केली.

या महाराष्ट्राने त्याच ठेवीचा चांगला विनियोगही पाहिला आहे. १९७२ साली मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आणि त्यांच्या सहकारी महागाईविरुद्ध लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, त्या एका घरच्या तेलसाखरेसाठी नव्हे. १९७५ साली सुरू झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीने कुटुंबांचे संघ बांधून एकत्रित खरेदीची रीत रुजवली. एकट्याला न जमणारे संघाला जमले. महारेराने २०१८ साली सलोखा मंच उभा केला, त्यात ग्राहकांचा आणि बिल्डरांचा प्रतिनिधी एकत्र बसून तंटा मिटवण्याचा प्रयत्न करतात. साक्षीदारांसह जाण्याची शुभवर्तमानातील दुसरी पायरी ती हीच, असे आम्हांस वाटते.

समोरच्याचे बळही मोजले पाहिजे. मोठ्या कंपनीला एका पत्राने ओरखडाही उठत नाही. कोळीवाड्यात पाटी घेऊन बसलेल्या मासळीवालीचा मात्र एका बोभाट्याने दिवस बुडतो, कदाचित धंदाही. तिच्याशी जे बोलायचे, ते तिच्या पाटीपाशीच बोलावे. आणि आपला आरोप चुकीचा ठरला, किंवा चूक मान्य होऊन भरपाई मिळाली, तर ज्या जागी नाव घेतले त्याच जागी तेही सांगावे. नुकसानीची भरपाई जशी चोराला चुकत नाही, तशी दुसऱ्याचे नाव डागाळणाऱ्यालाही चुकत नाही.

म्हणून आमची वेदी एका गिऱ्हाइकाच्या तंट्यासाठी नाही, असे आम्ही नम्रपणे सांगतो. तेथे दुकानदारही गुडघे टेकतो, आणि त्याला उत्तर देण्याची तेथे सोय नसते. चर्चचा हॉल मात्र खुला आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक कुणालाही फिरवता येतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्याच जिल्ह्यातील आयोगाकडे तक्रार करता येते. दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि वकीलही लागत नाही. कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत मात्र गेले पाहिजे. ज्याला अर्ज लिहिता येत नाही, त्याच्याजवळ बसून तो लिहून देणारी शिकलेली मुले आपल्या धर्मग्रामात आहेत. त्यांनी रविवारचा एक तास दिला, तर ज्यांचा आवाज गल्लीबाहेर जात नाही, त्यांचे गाऱ्हाणे आयोगापर्यंत पोहोचेल.