गुलाबी रंगाच्या आधीचे जयपूर

शहराची प्रतिमा कशी घडवावी याची चर्चा आपल्याकडे निघाली की जयपूरचा दाखला हमखास दिला जातो. १८७६ साली प्रिन्स ऑफ वेल्स येणार म्हणून महाराजा रामसिंहांनी शहर गुलाबी रंगवून घेतले आणि त्या एका रंगाने जयपूरचे जगभर नाव झाले, अशी ती कथा. तिचा अर्थ लावणेही सोपे: पाहुणा येणार असेल तर भिंती रंगवा, बोधचिन्ह करा, घोषवाक्य शोधा. डिसेंबर २०२२ मध्ये जी-२० च्या बैठकीसाठी मुंबईत रस्त्याकडेच्या झोपड्या पडद्यांआड आणि फलकांआड गेल्या, त्यामागे हीच समजूत होती. ती मला चुकीची वाटते, आणि तिच्या समर्थनासाठी जयपूरचे नाव घेतले जाते याचा रागही येतो. जयपूरचे नाव झाले ते रंगाने नव्हे, रंगाच्या दीडशे वर्षे आधी ठरलेल्या गोष्टींनी.

सवाई जयसिंह, विद्याधर भट्टाचार्य, १७२७, काटकोनात छेदणारे रस्ते आणि चौकड्या हे सगळे वाचकांना ठाऊक आहे. मला त्यातली एकच बाब महत्त्वाची वाटते. आंबेरचा डोंगरी किल्ला सोडून सपाट जमिनीवर वसवलेली ही राजधानी व्यापाऱ्यांसाठी होती. त्यांना बाहेरून बोलावून आणले, जागा दिल्या, सवलती दिल्या. मोठ्या बाजारपेठांतल्या दुकानांची दर्शनी बाजू मात्र एका नमुन्याची ठेवली. कारागिरांना त्यांच्या धंद्याप्रमाणे वस्त्या मिळाल्या. पुढे जयसिंहांचा मुलगा ईश्वरीसिंह याने आत्महत्या केली, जानेवारी १७५१ मध्ये शहरात मराठ्यांची कत्तल झाली (होळकरांच्या खंडणीचा तगादा त्याआधी किती वाढला होता, हे मराठी वाचकाने विसरू नये), राज्य खिळखिळे झाले. बाजाराची ती ओळ मात्र टिकली.

आता १८७६ कडे येऊ, कारण घोटाळा तिथेच आहे.

राजपुत्र येण्याच्या कितीतरी आधीपासून रामसिंह शहरावर काम करत होते. १८६८ च्या दुष्काळात लोकांच्या हाताला काम मिळावे म्हणून रामनिवास बागेचे काम निघाले. हुन्नर शिकवणारी कलाशाळा त्याआधीच उघडली होती. रामसिंह स्वतः उत्तम छायाचित्रकार होते. चित्रात काय दिसते आणि काय निसटते हे त्यांना नक्कीच कळत होते. अशा माणसाने रंग निवडला तो चुन्यात कालवता येणारा, गेरूच्या जातीचा. आग्रा-दिल्लीच्या मोगल इमारतींच्या लाल दगडाची आठवण करून देणारी ही छटा गवंड्याला ठाऊक होती, दुकानदाराला परवडत होती. आणि ती खुलली, कारण ज्या भिंतींवर ती चढली त्या आधीच एका ओळीत उभ्या होत्या. हाच रंग त्या काळच्या पुण्याच्या पेठांना दिला असता तर वेगवेगळ्या उंचीच्या वाड्यांवर नुसती ठिगळे दिसली असती.

चुन्यावरचा रंग पावसात उतरतो. तो पुन्हा पुन्हा द्यावा लागतो आणि त्यासाठी घरमालकाची तयारी, राज्याचा हुकूम आणि कसबी हात हे तिन्ही लागतात. पाहुणा काही दिवसांत निघून गेला. रंग राहिला, कारण या तिन्ही गोष्टी शहरात आधीपासून होत्या. १८७६ ची खरी बातमी ही आहे.

त्याच भेटीत, ६ फेब्रुवारीला, राजपुत्राने एका इमारतीची कोनशिला बसवली. तीच आजचा अल्बर्ट हॉल. तिचे काय करायचे हे तेव्हा नीट ठरलेले नव्हते; रामसिंहांच्या मनात नगरभवन होते. पुढे रामसिंहांचे वारस माधोसिंह यांच्या काळात, १८८३ च्या कलाकौशल्याच्या प्रदर्शनानंतर, तिथे संग्रहालय करायचे ठरले आणि १८८७ मध्ये ते उघडले. संग्रहालयाची कल्पना मांडणाऱ्या डॉ. हेंडली यांचा हेतू स्पष्ट होता: जयपूरच्या कारागिराने उत्तम नमुने पाहावेत आणि आपले काम सुधारावे. पाहुण्याच्या नावाने उभी राहिलेली वास्तू शहराने आपल्या कारागिराच्या शिक्षणाला लावली. आपल्याकडच्या सादरीकरणांत गुलाबी भिंत येते, हे संग्रहालय कधी येत नाही.

नंतरचा इतिहास भराभर सांगता येतो. १९४० च्या दशकात दिवाण मिर्झा इस्माईल यांनी बाजारपेठांत बरामदे उभारले. ते पुढे दुकानांच्या मालाने भरून गेले, तेव्हा ‘ऑपरेशन पिंक’ नावाची मोहीम काढून मोकळे करावे लागले. नावात रंग असला तरी काम पादचाऱ्याची वाट परत मिळवण्याचे होते. २०१९ मध्ये परकोट्यातले शहर जागतिक वारसा यादीत गेले ते नगररचना, बाजारांची सलग रचना आणि चालू असलेले कारागिरीचे धंदे यांच्या बळावर. आणि जयपूरचे नाव सर्वाधिक आदराने घेतले जाते ते एका पायामुळे. १९६८ च्या सुमारास रामचंद्र शर्मा नावाचा कारागीर आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी मांडी घालून बसता येईल, अनवाणी चालता येईल असा कृत्रिम पाय घडवला. जयपूर फूट हे नाव कामामागून आले, जाहिरातीमुळे नव्हे. सांगानेरची छपाई, जोहरी बाजारातले पाचू यांचेही तसेच. हे धंदे उद्या बंद पडले तर गुलाबी भिंतींमागे सांगण्यासारखे फारसे उरणार नाही, ही भीती मला खरी वाटते.

अशा टिकलेल्या गोष्टी आपल्याकडेही आहेत. छत्रपती संभाजीनगरात जयसिंगपुरा नावाचा भाग आजही आहे, हिमरू विणणारे थोडे हात शिल्लक आहेत, मलिक अंबरच्या नहरीचे अवशेष आहेत. फेब्रुवारी २०२३ मध्ये डब्ल्यू-२० या जी-२० च्या महिला गटाच्या बैठकीसाठी तिथेही भिंती रंगल्या. तुमच्या नगरपालिकेत सुशोभीकरणाचा ठराव येईल तेव्हा नगरसेवकाला दोन प्रश्न विचारा: या पैशातून शहरातल्या कोणत्या कारागिराला काम मिळणार आहे, आणि पाहुणे गेल्यावर पुढची दहा वर्षे देखभाल कोण करणार आहे? उत्तर लेखी मागा.