पत्रावर नाव कुणाचं?

शिरूर अनंतपाळमध्ये इंजिनिअर झालेल्या पोराला पहिला प्रश्न येतो, 'पॅकेज किती?' उत्तर वर्षाच्या लाखांत मिळतं आणि गफलत तिथूनच सुरू होते. टीसीएसच्या नवशिक्यांचा 3 लाख 36 हजारांचा आकडा घ्या. सोयाबीनच्या 2024-25 च्या हमीभावाने, म्हणजे 4,892 रुपयांनी, तो जवळपास 69 क्विंटल होतो. गावाला तो मोठा वाटणारच. महिन्याला मात्र अठ्ठावीस हजार. त्यातही कंपनीने भरायचा पीएफचा हिस्सा आधीच धरलेला. उरलेल्यात पुण्यातली कॉट आणि मेस भागवायची.

तरीही इलेक्ट्रिकल शिकलेली पोरं कोडिंगकडे वळतात, कारण कारखान्याचं दार याहून अरुंद आहे. तिथे सुरुवात बहुधा ॲप्रेंटिस म्हणून होते आणि 2019 च्या नियमांत पदवीधराचं किमान विद्यावेतन ठरलं महिना 9,000.

मग डोळे लागतात महावितरणकडे. सहायक अभियंत्याची आधीची वेतनश्रेणीसुद्धा 49,210 पासून होती. गावाजवळ राहून एवढा पगार दुसरीकडे कुठे? पण जागा मोजक्या. याच कंपनीच्या 2023 च्या विद्युत सहायक भरतीत आयटीआय झालेल्यांना तीन वर्षं मानधन होतं 15, 16 आणि 17 हजार. त्याखाली कंत्राटदाराकडून आलेला कामगार. आणि सगळ्यात खाली झिरो वायरमन, ज्याची नोंद कुठल्याच रजिस्टरला नाही. रात्री डीपीचा फ्यूज उडाला की शेतकरी हाक मारतात त्यालाच, आणि पैसेही तेच गोळा करून देतात.

अभियंत्याला जास्त मिळतं याबद्दल माझी तक्रार नाही. लाइन बंद करण्याचं परमिट चुकलं तर माणूस मरतो. ती जबाबदारी स्वस्त नसावीच. खटकतं ते वेगळंच. एकाच खांबावर, एकाच तारेला हात लावणाऱ्या तिघांचे पगार वेगळे आहेत आणि फरक कामाचा नाही, कोण कुठल्या दाराने आत आलं याचा आहे. वीज मात्र दार विचारून झटका देत नाही. 2005 साली वीज मंडळाच्या कंपन्या झाल्या. मंडळाच्या काळात दारं नव्हती असं नाही, पण आता आतल्या दारापर्यंत पोचायलाच उमेदीची वर्षं जातात.

तेव्हा पोराच्या हातात नेमणुकीचं पत्र पडलं की पॅकेज नंतर विचारा. आधी विचारा, महिन्याला हातात किती, मुदत किती, आणि पत्रावर नाव कंपनीचं की कंत्राटदाराचं?