हंसांची मोजदाद

एखाद्या प्राण्याची गणना करणे ही त्याच्याशी मैत्री, की त्याच्यावर सत्ता? प्रश्न वरवर पोरकट वाटेल. परंतु स्कॉटलंडच्या पश्चिमेस असलेल्या आयले या बेटाची हकीकत कळल्यापासून तो आमच्या मनातून जात नाही.

ग्रीनलंडात वीण घालणारे, कपाळावर पांढरा पट्टा असलेले रानहंस आइसलंडमार्गे हिवाळ्यात या बेटावर उतरतात. (हिमालय ओलांडून आपल्या तळ्यांवर येणारा पट्टकदंब त्यांच्याच कुळातला.) दिवसा ते कुरणांत चरतात आणि सांजावले की दलदलीतील डबक्यांवर वस्तीस जातात. ही दलदल साधा चिखल नव्हे. शेवाळ अर्धवट कुजून तिचे थर साचतात. वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर, म्हणजे पुरुषभर थराला दीड-दोन हजार वर्षे! ही माती वाळवून जाळली की तिच्या धुराचा वास बार्लीत उतरतो, आणि तो वास तेथील मद्याचा प्राण मानला जातो.

१९८५ साली डुइच नावाच्या दलदलीतून ही माती काढण्याचा बेत होता, तेव्हा बेटावर मोठा कलह माजला. पक्ष्यांची बाजू मांडावयास आलेल्या डेव्हिड बेलमी या वनस्पतिशास्त्रज्ञाला लोकांनी सभेत धड बोलू दिले नाही. त्यांना तरी दोष कसा द्यावा? प्रश्न चुलीचा होता. अखेर माती दुसरीकडून घेण्याचे ठरले व दलदल वाचली. ती हंसांच्या रूपामुळे वाचली असे आम्हांस वाटत नाही. या जातीचे हंस जगात थोडे, आणि त्यांतले शेकडो येथेच रात्र काढतात, हे कोणीतरी थंडीत उभे राहून मोजले होते.

मोजणाऱ्याने आत पाऊल टाकावयाचे नसते. पक्षी उठतात, आणि वारंवार उठवले तर जागाच सोडतात. कडेला दूर उभे राहून, उजाडताना थवे आकाशावर येतील तेव्हा गटागटाने मोजावयाचे. धुके पडले तर फेरी फुकट. गाभाऱ्याच्या उंबऱ्याबाहेरून दर्शन घेणाऱ्या आम्हांला ही मर्यादा ओळखीची वाटली.

परंतु त्याच बेटावर बार्नकल नावाचे हंसही हजारोंनी येतात व शेतकऱ्यांचे गवत फस्त करतात. २०१४ च्या सरकारी धोरणाने त्यांची संख्या बंदुकीने कमी करण्याचे ठरविले. किती मारावयाचे हेही मोजणीवरूनच! एकाच दुर्बिणीतून एकाला अभय, दुसऱ्याला मरण.

मग मोजूच नये? हे आम्हांस भ्याडपणाचे वाटते. पांढऱ्या कपाळाचे हंस १९९९ च्या सुमारास ३५,००० होते, ते पुढे २०,००० च्या आसपास आले. मोजले नसते तर ही घट कोणाच्या ध्यानी आली असती? आइसलंडने २००६ साली त्यांची शिकार बंद केली.

खरा मोह निराळाच. मोजणाऱ्याचा पक्ष्यांवर जीव असतो. अंधुक उजेडात दोनशेचे सव्वादोनशे करणे किती सोपे, आणि तेही दयेपोटी! पण तोच आकडा पलीकडचा शेतकरीही वाचणार असतो. एकदा त्याचा विश्वास उडाला की पुढच्या वेळी दलदलीच्या बाजूने बोलावयास काय उरणार? म्हणून प्रामाणिक माणूस बार्नकलच्या रकान्यातही दिसले तेवढेच लिहितो. तो आकडा कोठे जाणार, हे त्याला लिहितानाच ठाऊक असते.