चाहत्याची करुणा आणि इतिहासाचा न्याय

ऐतिहासिक दूरचित्रवाणी मालिकांच्या चाहत्याची प्रतिक्रिया भाबडी समजून समीक्षा तिच्याकडे सहसा दुर्लक्ष करते. वस्तुतः या भाबडेपणातच एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. ज्या मृत व्यक्तीचे केवळ नाट्यरूप पाहिले, तिच्याविषयी वाटणारी करुणा न्यायनिवाड्याचा आधार होऊ शकते काय?

फिलिपा ग्रेगरी यांच्या कादंबऱ्यांवर आधारलेली बीबीसीची ‘द व्हाइट क्वीन’ (२०१३) ही दहा भागांची मालिका या दृष्टीने विचारात घेण्याजोगी आहे. पंधराव्या शतकातील इंग्लंडमध्ये यॉर्क आणि लँकेस्टर या पक्षांत झालेला सत्तासंघर्ष तिचा विषय आहे. शेक्सपिअरने कुबडा, कपटी खलपुरुष म्हणून रंगवलेला तिसरा रिचर्ड येथे तरुण, निष्ठावान आणि व्यथित दिसतो. त्याचे दोन पुतणे, १२ वर्षांचा पाचवा एडवर्ड आणि ९ वर्षांचा धाकटा रिचर्ड, १४८३ साली लंडनच्या टॉवरमधून दिसेनासे झाले. त्यांचे काय झाले, याविषयी अभ्यासकांत आजही एकमत नाही. मालिकेतील रिचर्ड मात्र त्यांच्या वधाची आज्ञा देत नाही. ‘हा असे करणार नाही’ हे पात्राविषयीचे विधान चाहत्याच्या मनात नकळत ‘त्याने तसे केले नसेल’ या इतिहासविषयक विधानात रूपांतरित होते. वेशभूषेतील झिप चटकन हेरणाऱ्या प्रेक्षकाच्या नजरेतून हा कालविपर्यास मात्र निसटतो.

भट्टनायक आणि अभिनवगुप्त यांनी मांडलेल्या साधारणीकरणाच्या कल्पनेनुसार रसिकाचा भाव व्यक्ती, स्थळ आणि काळ यांच्या बंधनातून मुक्त होतो. चाहत्याचा भाव याच्या उलट दिशेने जातो. तो एका विशिष्ट व्यक्तीला चिकटतो आणि तिच्या बाजूने साक्ष देऊ लागतो.

तथापि हा पक्षपात सर्वस्वी निष्फळ म्हणता येणार नाही. रिचर्डची बदनामी अन्याय्य आहे या भावनेतूनच त्याच्या पुनर्मूल्यांकनासाठी १९२४ साली एक संस्था स्थापन झाली आणि तिच्या सदस्यांच्या ध्यासामुळे व आर्थिक साहाय्यामुळे २०१२ साली लेस्टर येथील एका वाहनतळाखालील उत्खनन शक्य झाले. तेथे सापडलेल्या रिचर्डच्या सांगाड्यात मणक्याची वक्रता आढळली, पण शेक्सपिअरने वर्णिलेला वाळलेला हात आढळला नाही. म्हणजे करुणेने पुरावा शोधायला लावले. परंतु हाडांनी शरीराविषयी जे सांगितले, त्यावरून अपराधाचा निर्णय होत नाही.

करुणेची खरी मर्यादा मालिकेतील एका प्रसंगात दिसते. राणी आपल्या धाकट्या मुलाऐवजी दुसऱ्याच एका मुलाला टॉवरमध्ये पाठवते. राजपुत्र वाचला म्हणून चाहत्याला हायसे वाटते. त्या बदली मुलाच्या दैवाविषयी विचारण्याची सवड कथा देत नाही आणि चाहताही ती मागत नाही. ज्याच्याशी परिचय झाला त्याच्यापुरतीच करुणा पोहोचते, न्यायाला मात्र अपरिचितांचाही विचार करावा लागतो. म्हणून जुना खटला पुन्हा उघडण्याची मागणी करण्याचा अधिकार चाहत्याच्या करुणेला अवश्य द्यावा, निकाल देण्याचा अधिकार मात्र देऊ नये. तो देताना त्या निनावी मुलाचीही बाजू ऐकावी लागेल.