ईश्वरानुमान आणि अनुमानाची हद्द

पृथ्वी, पर्वत, अंकुर ही सारी कार्ये आहेत, घटासारख्या प्रत्येक कार्याला कर्ता असतो, म्हणून यांनाही कर्ता असलाच पाहिजे, हे न्यायदर्शनातील ईश्वरानुमानाचे सर्वांत प्रसिद्ध रूप होय. दहाव्या-अकराव्या शतकांच्या सुमारास मिथिलेच्या उदयनाचार्यांनी ‘न्यायकुसुमांजली’त या अनुमानाला इतर अनेक हेतूंची जोड देऊन ईश्वरसिद्धीची मांडणी पूर्णत्वास नेली, तर अकराव्या शतकात विक्रमशिलेच्या रत्नकीर्ती या बौद्ध आचार्याने ‘ईश्वरसाधनदूषण’ लिहून नैयायिकांच्या ईश्वरानुमानाचे खंडन केले. या वादाकडे अज्ञेयवादी दृष्टीने पाहिले, तर दोन्ही पक्ष खंडनात जितके बलवान आहेत तितके मंडनात नाहीत, असे आढळते.

अनुमानाचा सारा भार व्याप्तीवर, म्हणजे हेतू आणि साध्य यांच्या अव्यभिचारी साहचर्यावर असतो. घटाला कुंभार असतो हे अनुभवाने ठाऊक आहे. परंतु रानात आपोआप उगवणाऱ्या गवताला कर्ता दिसत नाही. यावर नैयायिक म्हणतो की गवताचा कर्ता हाच वादाचा विषय असल्याने त्याला प्रतिकूल उदाहरण म्हणून पुढे करता येत नाही. हे उत्तर तर्कशास्त्राच्या नियमांत बसते, पण ज्या ज्या वस्तूचा कर्ता दिसत नाही ती ती वादविषयात ढकलली, तर व्याप्ती खोटी ठरण्याची वाटच उरत नाही. बौद्ध तार्किक धर्मकीर्तीचा आक्षेप याच ठिकाणी आहे: विशिष्ट प्रकारची रचना पाहून कर्त्याचे अनुमान करता येते, पण केवळ मातीचा विकार एवढ्या साम्यावर निष्कर्ष काढायचा, तर वारूळही कुंभाराने घडवले असे म्हणावे लागेल.

व्याप्ती मान्य केली तरी निष्कर्षाचा आवाका हा प्रश्न राहतोच. अनुभवातील कर्ता सशरीर, अल्पज्ञ आणि अनेकदा इतरांच्या साहाय्याने काम करणारा असतो. अनुमानातून मात्र अशरीर, सर्वज्ञ आणि एकमेव कर्ता निघावा अशी अपेक्षा असते. आत्मा स्वतःच्या शरीराला दुसऱ्या शरीराच्या मदतीवाचून हालवतो, म्हणून कर्तृत्वाला शरीर अनिवार्य नाही, आणि अनेक कर्ते कल्पिण्यापेक्षा एक कल्पिण्यात लाघव, म्हणजे कल्पनेची काटकसर आहे, ही नैयायिकांची उत्तरे चतुर आहेत. तथापि लाघवाने एखादी कल्पना अधिक स्वीकारार्ह ठरते, सिद्ध होत नाही. येथे रामानुजाचार्यांची साक्ष महत्त्वाची आहे, कारण ‘श्रीभाष्या’त या अनुमानाचे खंडन करणारा हा आचार्य स्वतः परम वैष्णव होता आणि ब्रह्माचे ज्ञान शास्त्रानेच होते अशी त्याची भूमिका होती. तर्काने ईश्वर सिद्ध होत नाही असे म्हणणे ही नास्तिकाची मिरासदारी नव्हे.

उलट बाजूही तितकीच तपासली पाहिजे. ईश्वर दिसत नाही म्हणून तो नाही, या युक्तिवादाला उदयनाचार्यांनी दिलेले उत्तर आजही ताजे वाटते: जी वस्तू असती तर दिसली असती, तिच्याच न दिसण्यावरून तिचा अभाव सिद्ध होतो. या न दिसण्याला ‘योग्यानुपलब्धी’ म्हणतात. ईश्वर इंद्रियगोचर आहे असा दावाच नसल्याने त्याच्या न दिसण्याने काहीच ठरत नाही. युरोपात कांट यांनी १७८१ साली ‘शुद्ध विवेकाची मीमांसा’ या ग्रंथात ईश्वरसिद्धीच्या युक्तिवादांना नाकारताना, अनुभवाच्या हद्दीपलीकडे अस्तित्व सिद्ध करता येत नाही तसे नास्तित्वही येत नाही, असाच तोल राखला. सांख्यसूत्रांतील ईश्वरविषयक सूत्राचा भाष्यकार विज्ञानभिक्षूने लावलेला अर्थही असाच आहे: तेथे ईश्वराची सिद्धी नाकारली आहे, ईश्वर नव्हे.

अज्ञेयवादाने मात्र आपलीही मर्यादा ओळखावी. अंतिम तत्त्व कायमचेच अज्ञेय आहे, या हर्बर्ट स्पेन्सर यांच्या विधानात त्या तत्त्वाविषयी एक मोठे ज्ञान गृहीत धरलेले आहे. उपलब्ध अनुमाने निर्णायक नाहीत, एवढेच म्हणणे अधिक काटेकोर होय.

ही भूमिका कुंपणावर बसण्याची आहे, हा आक्षेप महाराष्ट्रात तरी टिकत नाही. स्पेन्सर यांचा प्रभाव असलेले आणि अज्ञेयवादी म्हणून ओळखले जाणारे गोपाळ गणेश आगरकर (१८५६–१८९५) यांनी संमतिवयाच्या कायद्याचा निःसंदिग्ध पुरस्कार केला. त्यात विसंगती नाही. ईश्वरानुमान पूर्ण निर्दोष ठरले, तरी त्यातून हाती लागतो तो जगाचा कर्ता. त्या कर्त्याला बालविवाह मान्य आहे किंवा विधवेचे केशवपन हवे आहे, हे त्यातून निघत नाही. तसा दावा करणाऱ्याला त्यासाठी स्वतंत्र प्रमाण द्यावे लागते, आणि त्या प्रमाणाची परीक्षा मानवी सुखदुःखाच्या प्रत्यक्ष अनुभवावर करता येते. ईश्वराविषयी निर्णय राखून ठेवणारा माणूस ईश्वराच्या नावाने केलेल्या प्रत्येक विधानाविषयी निर्णय राखून ठेवण्यास बांधलेला नाही.