गुन्हेगार सापडल्यानंतर



‘सी.आय.डी.’ ही मालिका पाहिली नाही असे घर आपल्या धर्मग्रामात शोधावे लागेल. २१ जानेवारी १९९८ रोजी ती सोनी वाहिनीवर सुरू झाली आणि ऑक्टोबर २०१८ पर्यंत चालली. पंधराशेहून अधिक भाग झाले. शिवाजी साटम यांच्यामुळे आपल्याला ती हिंदी असूनही घरचीच वाटायची. साटम आणि निर्माते बी. पी. सिंग ही जोडी तर त्याआधीची, मुंबई दूरदर्शनवरच्या ‘एक शून्य शून्य’ या मराठी मालिकेपासूनची. कित्येक वर्षे ‘सी.आय.डी.’ शुक्रवारी रात्री लागत असे. उपवासकाळात संध्याकाळी क्रुसाची वाट आणि रात्री दहाला एसीपी प्रद्युम्न, असा अनेकांचा शुक्रवार असायचा! भारनियमनाच्या दिवसांत आपल्या माहूर-किनवट भागात नेमकी खुनी सापडण्याच्या वेळी वीज जायची आणि मग रविवारी मिस्सा सुटल्यावर चर्चच्या आवारात चौकशी चालायची, ‘काय रे, कोण निघाला?’

(त्या पथकात फ्रेडरिक्स नावाचा एक आपलाही माणूस होता. पडद्यावरचा ख्रिस्ती माणूस विनोदी तरी असतो नाहीतर दारूडा तरी, हा एक वेगळाच विषय आहे. परंतु फ्रेडरिक्स मनाने चांगला होता. ती भूमिका करणारे दिनेश फडणीस डिसेंबर २०२३ मध्ये वारले. प्रभू त्यांना चिरशांती देवो.)

डिसेंबर २०२४ मध्ये मालिका नव्याने सुरू झाली, तेव्हा पुष्कळांनी मोठ्या हौसेने टीव्ही लावला. घरभेटीला गेल्यावर मात्र मला बहुतेक ठिकाणी एकच ऐकू आले, ‘फादर, आता ती बघवत नाही.’ का, असे विचारले तर उत्तरे निरनिराळी. खुनी आधीच ओळखू येतो. दार तोडणे ठरलेले, प्रयोगशाळेतली जुगलबंदी ठरलेली, शेवटची थप्पडही ठरलेली. ही कारणे खरीच आहेत. मात्र एका आजीबाईंनी जे सांगितले ते माझ्या मनातून जात नाही. त्या म्हणाल्या, ‘ज्या माईचं लेकरू मेलं, तिचं पुढं काय झालं हे कधी दावतच नाहीत बघा. अन् ज्याला धरून नेलं, त्याच्याही घरी माय असंलच की.’

प्रियजनहो, आजीबाईंनी मालिकेचे मर्मच पकडले. तिथे मेलेला माणूस म्हणजे एक कोडे. कोडे सुटले की गोष्ट संपली. एकदा, दोनदा, शंभरदा कोडे सोडवायला मजा येते. पुढे कंटाळा येतो, कारण आपल्याला खरोखर जे जाणून घ्यायचे असते ते या कोड्यात कधी नव्हतेच.

पवित्र शास्त्रालाही गुन्ह्याच्या कथांचे वावडे नाही. दानीएलच्या पुस्तकाचा तेरावा अध्याय काढून पाहा. (आपल्या प्रोटेस्टंट बांधवांच्या बायबलमध्ये तो नसतो, आपण मात्र तो उपवासकाळाच्या पाचव्या सोमवारी मिस्सामध्ये ऐकतो.) दोन वडीलधारी न्यायाधीश निरपराध सुसान्नेवर व्यभिचाराचा आळ घेतात. सगळा समाज तिला मृत्युदंड द्यायला निघतो. तेव्हा तरुण दानीएल त्या दोघांना वेगवेगळे करतो आणि प्रत्येकाला विचारतो, ‘कोणत्या झाडाखाली पाहिलेस?’ एक एका झाडाचे नाव घेतो, दुसरा दुसऱ्याच. खोटे उघडे पडते. एसीपी प्रद्युम्नही याहून चांगला तपास करू शकले नसते. निरपराध बाई वाचली, याबद्दल देवाचे उपकार मानावेत अशीच ती कथा आहे.

दुसऱ्या शमुवेलाच्या पुस्तकातील दावीद राजाची गोष्ट मात्र निराळी. उरीयाचा काटा काढून दावीदाने त्याची बायको आपल्या घरी आणली. पुरावा नाही, साक्षीदार गप्प. नाथान संदेष्टा येतो आणि राजाला एक गोष्ट सांगतो : एका श्रीमंताने गरिबाची एकुलती एक लाडकी मेंढी हिसकावून कापली. आपण सोफ्यावर बसून चिडतो, तसाच दावीद चिडतो आणि अशा माणसाला मरणच हवे म्हणतो. नाथान त्याला सांगतो की तो माणूस तूच. मालिका असती तर इथे नावे पडू लागली असती. शास्त्रात मात्र खरी कथा इथूनच सुरू होते. दावीद काही लपवत नाही, सबब सांगत नाही. तो रडतो, उपास धरतो, जमिनीवर पडून राहतो. आणि देव त्याला टाकून देत नाही. मेलेला उरीया परत येत नाही, हेही शास्त्र लपवत नाही.

आता आपल्या देशात खरोखर घडलेले एक प्रकरण सांगतो. धन्य राणी मारिया ही केरळची कन्या, फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाची धर्मभगिनी. मध्य प्रदेशात उदयनगर येथे ती गरीब आदिवासींमध्ये काम करीत होती. सावकाराचा पाश काय असतो हे आपल्या डोंगरपट्ट्यात कोणाला सांगायला नको. त्या पाशातून लोक सुटू लागले, तेव्हा ज्यांचे नुकसान होत होते त्यांनी एका तरुणाला पुढे केले. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी इंदूरकडे जाणाऱ्या बसमध्ये समंदर सिंग याने तिच्यावर सुऱ्याने पन्नासहून अधिक वार केले. तो पकडला गेला. त्याला जन्मठेप झाली.

टीव्हीच्या हिशेबाने प्रकरण मिटले. पण २००२ मध्ये राणी मारियाची सख्खी धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात गेली आणि राखी पौर्णिमेच्या सुमारास तिने त्या हाताला राखी बांधली. ज्या हातात सुरा होता, त्याच हाताला. राणी मारियाच्या कुटुंबाने क्षमा केली आणि त्याच्या सुटकेसाठी शब्दही टाकला. २००६ मध्ये तो सुटला. तिच्या वृद्ध आईने त्याचे हात हातात घेऊन त्यांचे चुंबन घेतले. या हातांना माझ्या मुलीचे रक्त लागले आहे, अशी तिची भावना होती. ४ नोव्हेंबर २०१७ रोजी इंदूर येथे राणी मारियाला धन्य घोषित करण्यात आले, तेव्हा समंदर सिंगही तिथे हजर होता.

हे सोपे होते असे कृपया कोणी समजू नये. ११ वर्षे लागली. त्या माईने ती वर्षे कशी काढली हे प्रभूलाच ठाऊक. शिवाय क्षमा केली म्हणून खटला चालू नये, असे ख्रिस्तसभा म्हणत नाही. न्यायालयाने आपले काम केलेच.

राणी मारियाचा धर्मसंघ असिसीच्या संत क्लाराचे नाव सांगतो. याच संत क्लाराला परमगुरू बारावे पायस यांनी १९५८ मध्ये दूरचित्रवाणीची आश्रयदाती संत म्हणून घोषित केले. आजारपणामुळे तिला नाताळच्या मिस्साला जाता आले नाही, तेव्हा आपल्या खोलीच्या भिंतीवर तिला ती उपासना दिसली, अशी आख्यायिका आहे. तिला दिसले ते जवळ जावेसे वाटणारे होते. आपण टीव्हीवर एवढी प्रेते पाहतो, त्यांतल्या एकाजवळही जावेसे वाटत नाही.

ऑगस्टचा दुसरा रविवार भारतातील ख्रिस्तसभा बंदिवानांसाठी पाळते. त्या दिवशीच्या श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत आपण बंदिवानांची आणि ज्यांच्यावर गुन्हा घडला त्या कुटुंबांचीही आठवण करणार आहोत. कोणाच्या घरचे, नात्यातले किंवा शेजारचे कोणी आत असेल, किंवा कोणाचे माणूस असे गेले असेल आणि मोठ्याने सांगायला संकोच वाटत असेल, तर चिठ्ठीवर लिहून माझ्याकडे द्यावे. फक्त बाप्तिस्म्याचे किंवा घरी हाक मारायचे नाव पुरे. आडनाव नको.