कंपनीत पाठवले म्हणजे शिकवले?

निगडी-आकुर्डीपासून चाकणपर्यंत कुठल्याही कॉलेजचे माहितीपत्रक उघडा; ‘अनुभवाधिष्ठित शिक्षण’ हे शब्द आणि शेजारी हेल्मेट घातलेल्या मुलांचा फोटो सापडतोच. नव्या शैक्षणिक धोरणात पदव्युत्तर पहिल्या वर्षाला ओजेटीची (ऑन-जॉब ट्रेनिंग, म्हणजे प्रत्यक्ष कामावरच्या प्रशिक्षणाची) चार क्रेडिट आली, म्हणजे १२० तास. मुलगा एमआयडीसीत जातो, कंपनीचे पत्र आणि भरलेली डायरी घेऊन येतो, प्राध्यापक सही करतात. कुणी हटकलेच तर उत्तर तयार असते: ही तर आपली परंपराच! गांधीजींची नई तालीम, कर्मवीर भाऊराव पाटलांचे ‘कमवा आणि शिका’.

ही दोन नावे एका दमात घेतली जातात, तिथेच सगळा घोळ आहे.

शिक्षण प्रत्यक्ष जगण्याशी जोडण्याचा विचार जुनाच: महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे व्यवहारोपयोगी शिक्षण मागितले, अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ जॉन ड्यूईने शिकागोत शाळा काढून प्रयोग केले. त्याबद्दल वाद नाही. भाऊरावांचा मुद्दा मात्र नीट पाहावा. १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले ते गरिबाच्या पोराला मिंधेपणाशिवाय शिकता यावे म्हणून. पोरगा राबायचा, त्यातून शिक्षणाचा खर्च भागवायचा आणि मग वर्गात बसायचा. शेतात राबला म्हणून त्याला इंग्रजीच्या पेपरात मार्क मिळत नव्हते. काम हे शिक्षणाचे साधन होते, शिक्षणाचा पर्याय नव्हता.

गांधीजींनी वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत ऑक्टोबर १९३७ मध्ये मांडलेली नई तालीमची कल्पना याहून वेगळी आणि फार अवघड. तिथे काम हाच धडा. पण टकळी फिरवली की मूल आपोआप शिकते, असे कुणी म्हटले नव्हते. सुताचा नंबर काढताना गणित, कापूस कुठल्या मातीत येतो यावरून भूगोल, असा समवाय, म्हणजे कामाचा आणि विषयांचा सांधा, शिक्षकाने साधायचा होता. म्हणजे शिक्षकाचे काम कमी होत नव्हते, दुप्पट होत होते. शाळेचा खर्च मुलांच्या कामातून निघावा या कलमावर अर्थतज्ज्ञ के. टी. शहांनी त्याच परिषदेत हरकत घेतली. योजनेचा आराखडा करणाऱ्या झाकिर हुसेन समितीच्या अहवालानेही बजावले होते की उत्पन्नाकडे नजर लागली तर शिक्षण मागे पडेल. नई तालीम फसली ती मुले हाताने काम करायला तयार नव्हती म्हणून, असे सर्रास सांगतात. मला वाटते, तसा शिक्षक घडवायला आपण तयार नव्हतो.

कामाशेजारी शिक्षक लागतो, हे पिंपरीला कळायला वर्धा लागत नव्हते. टेल्कोने (नंतरच्या टाटा मोटर्सने) १९६६ साली इथे अप्रेंटिसांचे प्रशिक्षण सुरू केले. जुन्या फिटरांना विचारा: आधी हातात कानस यायची. तुकडा घासायचा, गुण्या लावून उजेडाकडे धरायचा, फट दिसली की पुन्हा घासायचा. शेजारी इन्स्ट्रक्टर उभा असायचा आणि फट का राहिली ते तो विचारायचा.

आज चाकणच्या लाइनवर आपला विद्यार्थी टॉर्क रेंचने बोल्ट आवळतो. ‘टक्’ वाजले की पुढचा. तो आकडा कुठून आला? आट्यांना तेल लागले असेल तर त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ताणला जातो, तो का? या दोन प्रश्नांत घर्षणाचा अख्खा धडा आहे, पण ते विचारायला तिथे कुणी नसते. क्यूआर कोडने हजेरी लागते, ॲपवर डायरी भरते आणि कॉलेजचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायलीत डेव्हिड कोल्बचे अनुभवातून शिकण्याचे वर्तुळ छापून येते. त्या वर्तुळातला अनुभव तेवढा मुलगा घेतो. पुढचे चिंतन आणि सिद्धान्त कुणाच्याच टाइमटेबलमध्ये नसतात. स्टायपेंडवर पूर्ण शिफ्ट काढणाऱ्या मुलाला भाऊरावांचा स्वाभिमान मिळत नाही आणि वर्ध्याचा धडाही नाही. कंपनीला स्वस्त हात मिळतात, इतकेच.

म्हणून विद्यापीठाला साधी मागणी आहे. ओजेटीच्या काळात दर आठवड्याला दोन तास मुलांना वर्गात बोलवा. प्रत्येकाने लाइनवरचा एक रिजेक्ट झालेला पार्ट किंवा त्याचे चित्र आणावे आणि तो का गेला ते सगळ्यांपुढे मांडावे. हे दोन तास प्राध्यापकाच्या वर्कलोडमध्ये धरा. ते जमणार नसेल तर मुलांना खुशाल कामाला पाठवा, पुरा पगार मिळवून द्या आणि क्रेडिट देऊ नका.